न झालेल्या आजाराचा वैद्य

ब्येन छुए हा प्राचीन चीनमधला, दंतकथा होऊन बसलेला वैद्य. त्याची एक गोष्ट ‘ह गुआनत्स’ नावाच्या जुन्या ग्रंथात येते. वेइ राज्याच्या राजाने त्याला विचारले, ‘‘तुम्ही तिघेही भाऊ वैद्य आहात. तिघांत उत्तम कोण?’’ ब्येन छुएने सांगितले की थोरला उत्तम, मधला त्याच्या खालोखाल आणि मी सगळ्यांत कच्चा. थोरला आजाराला आकार येण्याआधीच त्याला घालवून देतो, म्हणून त्याचे नाव घराचा उंबरा ओलांडून गेले नाही. मधला आजार केसाएवढा असताना पकडतो, त्याला गल्लीतले लोक ओळखतात. मी मात्र नसांत सुया खुपसतो, जालीम औषधे पाजतो, कातडी कापतो, म्हणून माझी कीर्ती राजेरजवाड्यांपर्यंत पोचली.

ही गोष्ट विनयाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात विनयापेक्षा एक पेच दिसतो. ‘तुम्ही बरा केलेला एक तरी रोगी दाखवा’, असे कोणी थोरल्या भावाला म्हटले असते, तर तो काय दाखवणार होता? रोगीच नाहीत. फार तर ठणठणीत शेजारी दाखवले असते. आणि समजा, तो थोरला भाऊ पक्का भोंदू असता, काहीही न करता नुसता मान डोलावत बसणारा असता, तरी त्याच्याकडे दाखवायला हेच ठणठणीत शेजारी असते. आजार होऊ न देणारा वैद्य आणि आजार होणारच नव्हता अशा घरात जाऊन श्रेय घेणारा वैद्य, या दोघांना वेगळे कसे ओळखायचे? चिनी वैद्यकाने प्रतिबंधाचा विचार दोन हजारांहून अधिक वर्षे केला. त्या विचारातले जे उत्तम आहे आणि जे घातक आहे, ते दोन्ही या पेचातून निघाले आहे.

जगभर चिनी वैद्यक गाजले तेही धाकट्या भावाच्या हत्यारांमुळेच. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन करावे लागले. नंतरची पोटाची अस्वस्थता तिथल्या डॉक्टरांनी सुया टोचून शमवली. रेस्टननी त्यावर लेख लिहिला आणि अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरचे वेड पसरले. आपल्याकडे ही विद्या त्याआधीच पोचली होती, आणि तिचा धागा एका मराठी नावाजवळून जातो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यातले सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिकडेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने त्यांना घराघरांत पोचवले. त्यांचे सहकारी विजयकुमार बसू परतले, पन्नासच्या दशकात पुन्हा चीनला गेले, सुया टोचायची विद्या शिकले आणि कलकत्त्यात तिचा वापर करू लागले. सुई आली. पण चिनी घरातली आजी रोज सकाळी काय करते, कशाला ‘नको’ म्हणते, नातवाच्या मानेभोवती काय गुंडाळते, हे काही आले नाही. सुईसारखे ते डोळ्यांत भरत नाही.

त्या आजीच्या मागे ‘ह्वांगदी नेइचिंग’ हा ग्रंथ उभा आहे. पीतसम्राट आणि त्याचा वैद्य ची बो यांच्या संवादाच्या रूपात असलेला हा ग्रंथ इसवी सनपूर्व शेवटच्या एक-दोन शतकांत संकलित झाला असे मानतात. त्याचा दुसराच अध्याय ऋतूंप्रमाणे कसे राहावे यावर आहे. वसंतात पहाटे उठून अंगणात फेऱ्या माराव्यात, केस मोकळे सोडावेत. हिवाळ्यात लवकर निजावे आणि उन्हे वर आल्यावरच उठावे. एका ऋतूत केलेली चूक पुढच्या ऋतूत आजार होऊन उगवते, असे त्याचे म्हणणे. शहाणा वैद्य झालेला आजार निस्तरत बसत नाही, न झालेल्या आजाराकडे लक्ष देतो, हे सूत्रही याच अध्यायात सांगितले आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तले दिनचर्या आणि ऋतुचर्या हे अध्याय ज्यांनी चाळले आहेत, त्यांना यात काही परके वाटणार नाही. ग्रीष्मात साठलेला वात वर्षेत खवळतो, हा आपल्याकडचा हिशेब याच जातीचा आहे.

या वैद्यकात आजार बहुधा बाहेरून येतो: वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, ओल, कोरडेपणा आणि आग यांच्या वाटेने. यांतला वारा म्होरक्या. बाकीचे त्याच्याबरोबर आत घुसतात. घुसतो तो मानेच्या मागच्या बाजूने, म्हणून तिथल्या सुयांच्या बिंदूंच्या नावांतही वारा आहे. शरीराच्या पृष्ठभागावर ‘वेइ छी’ नावाची पहारेकरी शक्ती फिरत असते, ती कातडी उबदार ठेवते आणि रंध्रांची उघडझाप करते. ती क्षीण झाली की माणूस सारखा सर्दीने बेजार. तिच्यासाठी ह्वांगछी, बायझू आणि फांगफेंग या तीन मुळ्यांचे एक चूर्ण शतकानुशतके चालत आले आहे. त्याच्या नावाचा अर्थ जेडचा वारारोधक पडदा असा काहीसा आहे. बाळंतिणीचे कान बांधणाऱ्या मराठी घराला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिकडेही बाळंतीण महिनाभर वाऱ्यापासून आणि गार पाण्यापासून दूर ठेवली जाते.

एवढी खबरदारी का, याचे उत्तर झांग झोंगजिंग या वैद्याच्या आयुष्यात सापडते. ‘शांगहान लुन’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की आपल्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती; इ.स. १९६ पासून दहा वर्षेही पुरी झाली नाहीत तोच त्यांतली दोन तृतीयांश गेली, आणि गेलेल्यांतली दहांतली सात थंडीतापाने. असे ज्याच्या डोळ्यांदेखत घडले, त्याला उपचारांचा फार भरवसा उरत नाही. औषध हाती लागेपर्यंत उशीर झालेला असतो, तेव्हा आधीच जपा, हे त्या काळाचे निव्वळ व्यवहारज्ञान होते.

आता गरम पाण्याकडे वळतो, कारण या सगळ्यात मला सर्वांत रस आहे तो त्यात.

चीनमध्ये राहून आलेला कोणीही पहिल्यांदा याच गोष्टीबद्दल बोलतो. भर उन्हाळ्यात हॉटेलात बसल्याबरोबर समोर गरम पाण्याचा पेला येतो. रेल्वेच्या डब्यात, विमानतळावर, कार्यालयाच्या व्हरांड्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. सर्दी झाली, गरम पाणी पी. पोट दुखते, गरम पाणी पी. पाळीचा त्रास होतो, गरम पाणी पी. हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की प्रेयसीचे काहीही दुखले तरी एवढेच सांगणारा बथ्थड प्रियकर हा तिथल्या समाजमाध्यमांवर थट्टेचा ठरलेला विषय आहे. कारण विचारले तर उत्तर वैद्यकाच्या भाषेत मिळते: प्लीहा आणि जठर यांना ऊब लागते, गार पाण्याने ती विझते, अन्न पचत नाही, ओल साठते.

ही सवय अनादी काळापासून चालत आली आहे असे चिनी माणसालाही वाटते. तसे ते पूर्ण खरे नाही. पाणी उकळायला सरपण लागते, आणि उत्तर चीनच्या उघड्याबोडक्या मुलखात सरपण महाग. गरीब माणूस विहिरीचे पाणी तसेच पीत असे. शहरांत मात्र उकळते पाणी विकत मिळे. शांघायच्या गल्ल्यांत ‘लाओहूजाओ’, म्हणजे ‘वाघचूल’, नावाची दुकाने होती. मोठ्या भट्टीवर दिवसभर पाणी उकळत असायचे, लोक किटल्या आणि थर्मास घेऊन रांगेत उभे राहायचे. १९०९ मध्ये चीन, कोरिया आणि जपान हिंडून आलेल्या फ्रँकलिन किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाने तिथली आणखी एक गोष्ट हेरली होती. शेताला माणसाच्या विष्ठेचे खत घालणाऱ्या इतक्या दाट वस्तीच्या देशात लोक चहाच्या निमित्ताने पाणी उकळून पितात, आणि विषमज्वरासारख्या रोगांना तोच मोठा अडसर आहे, हे त्याने लिहून ठेवले.

उकळलेले पाणी सर्वांपर्यंत पोचले ते विसाव्या शतकात, सरकारी रेट्याने. १९३४ मध्ये च्यांग कै-शेकने ‘नवजीवन चळवळ’ सुरू केली. थुंकू नका, बटणे लावा, उकळलेले पाणी प्या, अशी तिची शिकवण होती. कम्युनिस्टांनी च्यांगला हाकलले, पण त्याचे पाणी ठेवून घेतले. १९५२ च्या ‘देशभक्त आरोग्य मोहिमे’त माश्या, डास, उंदीर यांच्याविरुद्ध आघाडी उघडली गेली आणि शाळकरी मुलांनी उकळलेले पाणी प्यावे म्हणून भित्तिपत्रके लागली. कारखाने, वसतिगृहे, सरकारी वसाहती यांत बॉयलरच्या खोल्या बांधल्या गेल्या. फुलाफुलांचा लाल थर्मास लग्नातल्या आहेराची वस्तू झाली. उद्देश पटकी, हगवण, विषमज्वर रोखणे हा होता. त्यामागचे विज्ञान जंतूंचे होते. पण लोकांच्या गळी ते उतरले ते प्लीहेच्या उबेमुळे. जंतू कोणी पाहिला होता? ‘गार पाणी बाधते’ हे मात्र प्रत्येक आजीला आधीपासून ठाऊक होते.

म्हणजे कारण चुकीचे, सवय बरोबर. उकळल्याने पाण्यातले रोगजंतू मरतात. ते नंतर गरम प्यायले काय आणि गार करून प्यायले काय, त्या बाबतीत फरक पडत नाही. उलट कढत पिण्याचा तोटाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून नोंदवली. पण पाणी उकळायची शिस्त कोट्यवधी लोकांच्या अंगी भिनवायला जी भाषा लागली, ती जुन्या वैद्यकाने पुरवली. आरोग्य खात्यांनी यावरून धडा घ्यायला हरकत नाही.

कारण चुकीचे आणि कृती बरोबर, याचे याहून मोठे उदाहरण देवीच्या रोगाचे आहे. देवीचे विष प्रत्येक मुलाच्या अंगात गर्भातूनच आलेले असते आणि कधी ना कधी ते उफाळते, असे चिनी वैद्य मानत. मग ते आपल्या सोयीच्या वेळी, सौम्य रूपात बाहेर काढले तर? सोळाव्या शतकापासून याच्या नोंदी मिळतात. सौम्य देवी आलेल्या मुलाच्या खपल्या काही दिवस साठवून ठेवायच्या, कुटायच्या आणि चांदीच्या नळीने निरोगी मुलाच्या नाकात फुंकायच्या. मुलगा असेल तर डाव्या नाकपुडीत, मुलगी असेल तर उजव्या. सम्राट कांगशीचे वडील १६६१ मध्ये देवीने वारले. लहानग्या कांगशीला गादी मिळाली त्याचे एक कारण असे सांगतात की त्याला देवी येऊन गेल्या होत्या आणि तो जगला होता. पुढे त्याने आपल्या मुलांना अशा देवी काढवून घेतल्या. गर्भविषाचा सिद्धांत साफ चुकला होता. कृतीने मात्र जीव वाचत होते.

वाचत होते हे ठरवायचे कसे? मोजून. मोजदादीचे गाजलेले उदाहरण १७२१ सालच्या बॉस्टनचे आहे. तिथे पद्धत वेगळी होती, त्वचेला चीर देऊन लस भरत, तत्त्व तेच. त्या साथीत ५,८८९ लोकांना देवी आल्या आणि ८४४ मेले, म्हणजे सातांत एक. झॅब्डिएल बॉयल्स्टन या डॉक्टराने सुमारे २४० लोकांना टोचले, त्यांतले ६ गेले, म्हणजे चाळिसांत एक. दोन आकडे शेजारी ठेवल्याबरोबर थोरल्या भावाचा पेच सुटतो. एका माणसाकडे बघून ‘याला आजार झाला असता का?’ हे कधीच कळत नाही. हजार माणसे एका बाजूला आणि हजार दुसऱ्या बाजूला ठेवली की कळते.

चिनी परंपरा स्वतःशी भांडत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १६४१ च्या भीषण साथीनंतर, १६४२ मध्ये वू योशिंग या वैद्याने ‘वेनयी लुन’ हा ग्रंथ लिहून ठणकावले की साथ हवामानाच्या थंडी-वाऱ्याने येत नाही. प्रत्येक साथीची स्वतःची निराळी दूषित ‘छी’ असते आणि ती नाकातोंडावाटे शिरते. सूक्ष्मदर्शकाशिवाय माणूस याच्याहून पुढे काय जाणार? त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे मारली, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेला आणि केंब्रिजमध्ये शिकलेला वू लिएन-तेह हा तरुण डॉक्टर हार्बिनमध्ये सर्वांना कापडाच्या आणि कापसाच्या घड्यांचे मास्क बांधायला लावत होता. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टराने त्याला उडवून लावले, मास्कशिवाय रुग्ण तपासले आणि काही दिवसांत तो त्याच प्लेगने मेला. नाकातोंडाची वाट दोन्ही वूंना दिसली होती. धाकट्याच्या हातात तिच्यावर बसवायला झाकण होते.

व्यायामाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, तिथे वादच कमी आहे. १९७३ मध्ये चांगशाजवळच्या मावांगदुई येथे इ.स.पूर्व १६८ मधल्या कबरीत एक रेशमी चित्र सापडले. त्यावर ४४ माणसे हातपाय ताणताना, वाकताना, पक्ष्यांसारखे पसरताना दाखवली आहेत. म्हातारे, तरुण, बायका, पुरुष, सगळे. पुढे ह्वा तुओने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींवरून पाच खेळ बसवले. आज बागांमध्ये निवृत्त मंडळी ‘बादुआनजिन’ करतात, ताई ची करतात. ताई चीमुळे म्हाताऱ्या माणसांचे पडण्याचे प्रमाण घटते, हे निरनिराळ्या देशांतल्या चाचण्यांत दिसले आहे. पडणे मोजता येते. आणि ताई ची बाटलीत भरून विकता येत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

बाटलीचा विषय निघालाच आहे. ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ हा चिनी औषधींचा आद्य ग्रंथ. त्यात ३६५ औषधींच्या तीन प्रती लावल्या आहेत. सर्वांत खालच्या प्रतीत रोग बरे करणारी औषधे. ती विषारी, म्हणून जपून आणि थोडेच दिवस घ्यायची. मधल्या प्रतीत त्यांहून सौम्य. आणि सर्वांत वरच्या १२० औषधी आयुष्य वाढवणाऱ्या, कितीही दिवस घेतल्या तरी न बाधणाऱ्या. म्हणजे आजाऱ्याच्या औषधाला कनिष्ठ मान आणि धडधाकट माणसाच्या औषधाला वरिष्ठ. आता त्या वरिष्ठ यादीतले पहिलेच नाव पाहा: हिंगूळ. पाऱ्याचे खनिज. अमरत्वासाठी केलेल्या अशा रसायनांनी थांग घराण्यातले काही सम्राट लवकर मेले असे इतिहासकार मानतात. आजाऱ्याला विषारी मुळी दिली आणि तो दगावला, तर बोट वैद्याकडे जाते, पुढच्या वेळी वैद्य मात्रा कमी करतो. निरोगी सम्राट वर्षानुवर्षे हिंगुळाच्या गोळ्या खाऊन खंगला, तर गोळी कमी पडली असे म्हणतात.

अठराव्या शतकातल्या शू दाचुन या वैद्याने हे ओळखले होते. शक्तिवर्धकांवर तो तुटून पडला. औषध म्हणजे सैन्य, गरज असेल तेव्हाच बाहेर काढायचे, असे त्याचे मत. जिनसेंगवर त्याने स्वतंत्र प्रकरणच लिहिले. जिनसेंग आधी घर बुडवते आणि मग माणूस मारते, हा त्याचा आरोप. कारण ते भयंकर महाग आणि वैद्यांना ते लिहून देणे भलते सोयीचे. रोगी मेला तरी नातलग समाधानी, आपण सर्वांत भारी औषध दिले ना! चिनी लोकांत अशी म्हणच आहे की जिनसेंग माणसाला मारूनही निर्दोष सुटते आणि रेवाचिनी जीव वाचवूनही श्रेयाला मुकते. वैद्यकाच्या घरातूनच आलेली ही टीका आजच्या कुठल्याही विवेकवाद्याच्या टीकेहून धारदार आहे, आणि परंपरेचा अभिमान मिरवणारे तिचा उल्लेख सहसा करत नाहीत.

गेल्या दोन-तीन दशकांत ‘न झालेला आजार’ हा मोठा धंदा झाला आहे. २००८ मध्ये चीन सरकारने त्यासाठी खास प्रकल्प सुरू केला, पारंपरिक रुग्णालयांत त्याचे स्वतंत्र विभाग निघाले. वांग ची या प्राध्यापकांनी माणसांच्या प्रकृतींचे नऊ प्रकार ठरवले. २००९ मध्ये त्यांची प्रमाणित प्रश्नावलीही आली. हातपाय गार पडतात का, लवकर दमता का, मन उदास असते का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून प्रकृती ठरते. नऊपैकी एकच प्रकृती समतोल, बाकी आठांत काही ना काही बिघाड. प्रश्नावली भरणाऱ्या बहुतेकांना काही तरी घ्यावे लागणार, याची सोय त्यातच झाली. चाळिशीनंतर लवकर न दमणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक काळाला चिनी पंचांगात ‘सानफू’ म्हणतात. त्या दिवसांत पांढरी मोहरी आणि इतर औषधींचा आल्याच्या रसात कालवलेला लेप पाठीवर लावून घ्यायला रुग्णालयांबाहेर गर्दी होते. हिवाळ्यातला दमा आणि सर्दी उन्हाळ्यातच मोडायची, ही त्यामागची कल्पना. कल्पना सुरेख आहे, पण ती तपासणे अवघड: लेपाने कातडी चांगलीच भाजते, त्यामुळे खरा लेप कोणाला आणि खोटा कोणाला हे रोग्यापासून लपवता येत नाही. दक्षिणेत ग्वांगझूकडे अंगातली आग शमवणारा कडू काढा पितात. वांग लाओजी या १८२८ पासूनच्या काढ्याचा आता गोड लाल डबा झाला आहे. उष्णता होऊ नये म्हणून साखरेचे पाणी प्यायचे!

याहून गमतीचे प्रकरण २०१० चे. झांग वुबेन नावाचे गृहस्थ टीव्हीवर येऊन सांगू लागले की मुगाचे कढण आणि कच्ची वांगी यांनी वाट्टेल तो रोग टळतो आणि बराही होतो. पुस्तक धडाधड खपले. त्याच सुमारास देशात मुगाचे भाव गगनाला भिडले. दुष्काळ आणि साठेबाजी हीही कारणे होती, पण लोकांनी बोट या महाशयांकडेच दाखवले. मे महिन्यात त्यांच्या पदव्या आणि घराण्याचा वैद्यकी वारसा बनावट असल्याचे उघड झाले. मूग बिचारे निर्दोष.

‘अज्याओ’ची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गाढवाचे कातडे उकळून केलेला हा सरसासारखा पदार्थ ‘रक्त वाढवतो’ म्हणून निरोगी बायका हौसेने खातात. फेब्रुवारी २०१८ मध्ये चीनच्याच सरकारी आरोग्य हेल्पलाइनने ‘हे फक्त उकळलेले गाढवाचे कातडे आहे, खाण्यात अर्थ नाही’ असे समाजमाध्यमावर लिहिले, गदारोळ झाला आणि तिला माफी मागावी लागली. चीनमधली गाढवे पुरेनात, म्हणून आफ्रिकेतल्या गाढवांवर संक्रांत आली. पाणी आणि सरपण वाहणाऱ्या बाईचे गाढव रात्रीत चोरीला जाऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकन संघाने कातड्यासाठी गाढवे मारण्यावर बंदी घातली. जी बाई आजारी नव्हती तिच्या तब्येतीसाठी दुसऱ्या खंडातल्या बाईने डोक्यावर हंडे वाहायचे, असा हा प्रतिबंध.

३१ जानेवारी २०२० च्या रात्री शिनह्वा वृत्तसंस्थेने बातमी दिली की शांघाय आणि वुहानच्या दोन संशोधन संस्थांना श्वांगह्वांगलिएन हे पारंपरिक औषध नव्या विषाणूला ‘रोखते’ असे आढळले आहे. त्याच रात्री औषधांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या, साथीच्या शहरांत लोक खेटून उभे राहिले. ऑनलाइन साठा संपला, जनावरांसाठी बनवलेलेसुद्धा संपले. दुसऱ्या दिवशी ‘पीपल्स डेली’ला सांगावे लागले की घाईने घेऊ नका. यावर हसण्याआधी आपले कॅलेंडर उघडावे. २९ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे दोनच दिवस आधी, आपल्या आयुष मंत्रालयाने कोरोनाच्या प्रतिबंधासाठी आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या सुचवल्या होत्या. पुढे महाराष्ट्रात सोसायट्यांमधून, पोलिसांना, वस्त्यावस्त्यांत त्या वाटल्या गेल्या. ज्यांना कोरोना झाला नाही, त्यांतले कितीतरी जण अजूनही त्या गोळ्यांना श्रेय देतात. न घेतलेल्यांतही न झालेले होतेच, त्यांना कोणी विचारत नाही.

माझ्या मते चिनी प्रतिबंधातले घेण्यासारखे ओळखायला एक साधी कसोटी पुरते. ती गोष्ट फुकट किंवा जवळपास फुकट आहे का आणि ती बंद पडली तर कोणाचे दुकान बसणार आहे का? उकळलेले पाणी, चार घास कमी खाणे, ऋतू बघून झोपेची वेळ बदलणे, रोज अंग हलवणे, यांत कोणाचे दुकान नाही. पुडी, बाटली, लेप आले की पुरावा मागावा, आणि पुरावा म्हणजे दोन्ही बाजूंची मोजलेली माणसे. ही कसोटी अचूक नाही, हे मला मान्य आहे. लस विकत घ्यावी लागते आणि ती खरी असते. पण लशीची माणसे मोजलेली असतात.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही ना?’ हा युक्तिवाद मात्र आता कोणी करू नये. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी मुळ्यांच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. एका मुळीच्या जागी नावाने मिळतीजुळती दुसरी आली. तिच्यात अ‍ॅरिस्टोलॉकिक आम्ल होते. शंभरहून अधिक बायकांची मूत्रपिंडे बिघडली, त्यांतल्या काहींना पुढे मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. या बायका आजारी नव्हत्या, थोड्या बारीक व्हायला गेल्या होत्या. चीनमध्येही याच आम्लाची ग्वानमुथोंग ही वनस्पती २००३ मध्ये अधिकृत औषधांतून काढून टाकावी लागली. त्याच कुळातली ईश्वरी आपल्याकडेही उगवते आणि गावठी औषधांत वापरली जाते.

मूत्रपिंडाचे दुखणे वर्षानुवर्षे कळत नाही, आणि डॉक्टर विचारतात तेव्हा रोगी गोळ्यांची नावे सांगतो, चूर्णाचे सांगत नाही; ते ‘औषध’ थोडेच आहे असे त्याला वाटते. तुम्ही किंवा घरातले कोणी प्रतिकारशक्तीसाठी, रक्तशुद्धीसाठी, वजनासाठी कसलीही पुडी, काढा किंवा कॅप्सूल घेत असाल, चिनी असो वा देशी, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते पाकीट बरोबर घेऊन जा. पाकिटावर घटकांची नावे नसतील तर ते घेणे आजच बंद करा.